ट्रामचं दार आणि फुटपाथ यांच्यामधले तीन मीटर

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात सुमारे २५० किलोमीटर लांबीचे दुहेरी ट्राममार्ग आणि १,६०० हून अधिक थांबे आहेत. शहरी ट्रामचं एवढं मोठं जाळं जगात दुसरीकडे नाही. यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मार्गावर ट्राम मोटारी, ट्रक आणि सायकलींसोबत एकाच रस्त्यावरून धावते. रूळ रस्त्याच्या मधोमध असतात आणि जुन्या पद्धतीच्या थांब्याची पाटी मात्र फुटपाथवर. दोन्हींच्या मधे वाहनांची निदान एक मार्गिका, म्हणजे साधारण तीन मीटर डांबर. ट्राममध्ये चढताना-उतरताना जिवावर बेतू शकतं ते मुख्यतः या तीन मीटरांत, आणि तिथे धोका ट्रामपेक्षा तिच्या शेजारून जाणाऱ्या वाहनांचा असतो.

मुंबईतही ट्राम होती. १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामने सुरुवात झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्यानंतरच्या पिढ्यांची सवय बसची आहे. बस कडेला लागते, दार फुटपाथच्या बाजूला उघडतं आणि उतरणारा माणूस पुढे बघत चालू लागतो. मुलांकडे मेलबर्नला राहायला गेलेले आईवडील हीच सवय घेऊन ट्राममधून उतरतात, तेव्हा त्यांचा पाय थेट चालू रस्त्यावर पडतो.

वाहनं तिथेही आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात आणि ट्रामची सहसा डावीकडचीच दारं उघडतात. म्हणून फुटपाथकडे तोंड करून उतरणाऱ्याच्या दृष्टीने गाड्या त्याच्या डाव्या हाताकडून, म्हणजे ट्रामच्या शेपटीकडून येतात. चढायला निघालेल्याचं तोंड रस्त्याकडे असतं, त्यामुळे त्याच गाड्या त्याला उजवीकडून येताना दिसतात. चढताना उजवीकडे, उतरताना डावीकडे. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगावं असं हे आहे.

कायदा प्रवाशाच्या बाजूने स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियाच्या रस्ता नियमांतला १६३ वा नियम सांगतो की ट्राम थांब्यावर उभी असेल आणि मधे सुरक्षित बेट (प्रवाशांना उभं राहायला राखलेली जागा) किंवा दुभाजक नसेल, तर मागून येणाऱ्या वाहनाने ट्रामच्या मागच्या टोकापाशीच थांबायचं. दारं मिटली आणि रस्त्यावर कोणी चालत नसेल तर पुढे जाता येतं, पण ट्राम उभी असेपर्यंत वेग ताशी १० किलोमीटरच्या आत ठेवून. सायकलस्वारांनाही हाच नियम लागू आहे.

नियम पाळायचा तर वाहनचालकाला अंतर हवं. ट्राम थांबतेय हे कळल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटार तेवढ्यात १७ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर आणखी ९ मीटर, म्हणजे एकूण २६. वेग ६० असेल तर हाच आकडा ४५ मीटरवर जातो, कारण ब्रेक लावल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाऊस पडत असेल तर आणखी भर. आता प्रवाशाचा वेळ बघा. तीन मीटर चालायला तरुण माणसाला अडीच सेकंद लागतात, गुडघे दुखणाऱ्या आजींना चार किंवा त्याहून जास्त. ताशी ४० च्या वेगाने येणारी मोटार चार सेकंदांत ४४ मीटर कापते. म्हणजे दारातून बाहेर पाहिल्यावर ३०-४० मीटरवर दिसणारी, वेग कमी न करणारी गाडी ‘अजून लांब आहे’ असं समजणं चूक आहे.

गडबड होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत वाईट जागा म्हणजे फुटपाथ आणि रूळ यांच्यामध्ये दोन मार्गिका असलेला रस्ता. रुळांलगतच्या मार्गिकेतली मोटार थांबते, प्रवासी निर्धास्त होऊन तिच्या पुढून निघतो आणि कडेच्या मार्गिकेतल्या चालकाला तो त्या थांबलेल्या मोटारीआड दिसतच नाही. दुसरी जागा थांबलेली मोटार आणि फुटपाथ यांच्यातली चिंचोळी फट. तिथून सायकल येते, आणि तिचा आवाजही येत नाही. तिसरी चूक वाहनचालकाची असते. ट्राम हळू होत असताना तो तिच्या शेजारून जात असतो आणि ती थांबायच्या आत पुढे निसटू असं त्याला वाटतं. मेलबर्नच्या नव्या ई वर्गाच्या ट्राम ३३ मीटर लांब आहेत. एवढी लांबी मागे टाकेपर्यंत ट्राम थांबलेली असते, दारं उघडलेली असतात आणि मोटार नेमकी त्यांच्यासमोर असते.

म्हणून चढताना क्रम असा ठेवावा. ट्राम दिसली की फुटपाथवरूनच हात दाखवायचा, कारण कोणी चढणार-उतरणार नसेल तर ट्राम थांबेलच असं नाही. ती पूर्ण थांबेपर्यंत फुटपाथ सोडायचा नाही. मग उजवीकडे बघून प्रत्येक मार्गिकेतली गाडी खरोखर उभी आहे ना, हे पाहायचं. वेग कमी करणारी गाडी आणि उभी गाडी यांत फरक आहे; चाकांकडे पाहिलं की तो लगेच कळतो. दोन मार्गिका असतील तर पहिल्या गाडीची कड संपते तिथे क्षणभर थांबून पलीकडे डोकवायचं. उतरताना थांबा यायच्या आधीच बटण दाबून दांडी धरून उभं राहायचं, दार उघडल्यावर शेवटच्या पायरीवर थांबून डावीकडे मान वळवायची आणि मगच पाय खाली टाकायचा. मागचे प्रवासी घाई करतील, करू द्यावी. दार उघडं असेपर्यंत ट्राम हलत नाही.

पायरी ही वेगळी अडचण आहे. घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते. जुन्या, उंच तळाच्या ट्रामची रस्त्यापासूनची पहिली पायरी त्याच्या जवळपास दुप्पट असते, शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे जमीन अपेक्षेपेक्षा थोडी खाली लागते. उतरताना वरच्या पायाच्या मांडीला ताणलेल्या अवस्थेत सगळा भार पेलावा लागतो, आणि हेच काम म्हाताऱ्या स्नायूंना जड जातं. काठी वापरणाऱ्यांनी उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, शेवटी चांगला पाय असा क्रम ठेवावा. चढताना चांगला पाय पहिला. बाबागाडी उतरवायची असेल तर आपण आधी उतरून गाडी मागची चाकं पुढे घालून खाली घ्यावी आणि दुसऱ्या कोणाला तरी समोरची बाजू धरायला सांगावं. मूल आधी उचलून कडेवर घेतलं तर अधिक चांगलं.

खरा उपाय मात्र रस्त्याच्या रचनेत आहे. नव्या थांब्यांवर रुळांलगत साधारण ३० सेंटिमीटर उंचीचे फलाट बांधले जातात आणि खालच्या तळाच्या ट्रामचं दार त्यांच्या पातळीत येतं. चाकाची खुर्ची मदतीशिवाय चढायची तर फट आडवी ४० मिलिमीटर आणि उंचीतला फरक १२ मिलिमीटर, याच्या आत असावा, असं ऑस्ट्रेलियाचं मानक आहे. रुळांवरच्या गाडीला हे साधतं, कारण ती दर वेळी त्याच रेषेत थांबते. तरी गर्दीने ट्राम खाली दबते आणि चाकंही झिजत जातात, त्यामुळे काही मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. वळणावर फट वाढते, म्हणून फलाट सरळ मार्गावर हवा. बहुसंख्य थांब्यांवर अजून फलाट आलेले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रस्ता अरुंद असेल तर फलाटाला जागा नसते. तिथे व्हिएन्ना शहराच्या नावाने ओळखली जाणारी रचना वापरतात: फुटपाथ आणि रूळ यांच्यामधली मार्गिकाच उचलून दाराच्या पातळीत आणायची. मोटारी या उंचवट्यावरून जातात आणि ट्राम आली की आधीच थांबतात. चढाव आल्यामुळे वेग आपोआप घटतो. मेलबर्नच्या ब्रिज रोडवर असे थांबे आहेत. यात एक खोट आहे. उंचवटा फुटपाथच्या पातळीत असल्यामुळे नवख्या माणसाला तो फुटपाथच वाटतो आणि तो तिथेच ट्रामची वाट बघत उभा राहतो. पायाखाली उंचवटे असलेल्या फरशांची पट्टी लागली की ती हद्द समजावी. स्वान्स्टन स्ट्रीटवर सायकलींची वाट थेट फलाटावरून जाते. ट्राम उभी असताना सायकलस्वाराने थांबायचं असतं, पण आपण मान वळवावीच.

उतरल्यावर ट्रामच्या मागून पलीकडे जाणं हा आणखी एक सापळा. दुसऱ्या रुळावरून समोरून येणारी ट्राम उभ्या ट्रामआड पूर्ण लपते. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यात रबर-डांबराइतकी पकड नसते. ताशी ४० किलोमीटर वेगाची ट्राम नेहमीच्या ब्रेकने थांबायला सुमारे ५० मीटर घेते. रुळाला चिकटणारे चुंबकीय ब्रेक आणि चाकांखाली वाळू सोडूनही २५ मीटरच्या आसपास. ती बाजूलाही होऊ शकत नाही. दोन रुळांच्या मधली पट्टी उभं राहायची जागा नाही, आणि वळणावर तर ट्रामचं पुढचं व मागचं टोक रुळांच्या बाहेर बरंच झुकतं. रूळ ओलांडताना काटकोनात ओलांडावे. तिरकं गेलं की बाबागाडीचं लहान चाक खाचेत अडकतं आणि पावसात पोलादावरून बूट घसरतो.

कोलकात्यात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १८७३ मध्ये ट्राम सुरू झालेल्या त्या शहरात अनेक रस्त्यांवर रुळांना वेगळी, उंच पट्टी होती. पुढे वाहनांना जागा द्यायची म्हणून ती काढून काँक्रीट केलं गेलं आणि प्रवाशाला भर रस्त्यात उभं राहून चढावं लागलं. ट्राम हळू झाली की उडी मारायची सवयही तिथे होती. ताशी १० किलोमीटर हा वेग किरकोळ वाटतो, पण पाय जमिनीवर थांबतो तेव्हा धड सेकंदाला २.८ मीटरने पुढे जात असतं. ट्राम चाललेली असते त्याच दिशेने माणूस कोलमडतो, आणि मागून दुसऱ्या डब्याची चाकं येत असतात.

दाराबद्दल शेवटचं. दार मिटताना मधे हात किंवा पिशवी आली तर कडेचे संवेदक ते पुन्हा उघडतात, आणि दार कुलूपबंद झाल्याशिवाय मोटरला वीज मिळत नाही. पण बॅगेचा पातळ पट्टा, ओढणी, कुत्र्याची दोरी अशा गोष्टी रबरी कडांमध्ये सहज मावतात आणि संवेदकाला कळत नाहीत. दार मिटलं म्हणजे काही अडकलेलं नाही, असं समजून चालक ट्राम सोडू शकतो. उतरताना पट्टे हातात गोळा करावेत, लहान मुलाला आधी न सोडता हात धरून सोबत उतरवावं. पट्टा अडकलाच तर ओढत बसू नये. बॅग खांद्यावरून सोडून द्यावी आणि दारावर जोरात थाप मारत चालकाला हाक द्यावी. आत असलेल्यांनी आपत्कालीन बटण लगेच दाबावं.