चौकटीला स्वतःची रुंदी का विचारता येत नव्हती?

‘मोबाइलवर नीट दिसते, म्हणजे साइट रिस्पॉन्सिव्ह,’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 2010 साली वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे रूप बदलणाऱ्या पानाची, कल्पना मांडली, तेव्हापासून तिची मुख्य भिस्त मीडिया क्वेरीवर राहिली. खिडकी 600 पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर दोन कॉलमचा एक कर, अशी ही ब्राउझरला घातलेली अट.

खिडकी, हे महत्त्वाचं. बातमीचं एखादं कार्ड पानाच्या मधल्या ऐसपैस भागात असो की कडेच्या चिंचोळ्या साइडबारमध्ये, मीडिया क्वेरीचं उत्तर दोन्हीकडे तेच येतं, कारण खिडकी एकच. मग त्याच कार्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लिहीत बसा! कार्डाला स्वतःपुरती किती जागा मिळाली आहे तेवढंच पाहून त्याचं रूप ठरवता आलं तर? ही मागणी वर्षानुवर्षं होत होती आणि ब्राउझर बनवणारे वर्षानुवर्षं नाही म्हणत होते. त्या नकारामागे आळस नव्हता, एक खरीखुरी तार्किक अडचण होती आणि ती फार सुंदर आहे.

ब्राउझर पानाची मांडणी करतो तेव्हा रुंदी सहसा वरून खाली झिरपते. आधी पानाची, मग आतल्या चौकटीची, मग तिच्या आतल्या चौकटीची. उंचीचं उलट. परिच्छेदाच्या किती ओळी झाल्या हे कळल्याशिवाय त्याची उंची कळत नाही आणि ती कळल्याशिवाय बाहेरच्या चौकटीची उंची ठरत नाही. प्रत्येक चौकट इतकी शिस्तीची असती तर प्रश्नच नव्हता. पण काही चौकटींची रुंदीही आतला मजकूरच ठरवतो. साधं बटण घ्या, शब्द लांबले की तेही रुंदावतं.

आता अशा चौकटीला नियम लावू: ‘तू 400 पिक्सेलपेक्षा रुंद असशील तर आतली अक्षरं बारीक कर.’ मजकुरामुळे रुंदी झाली 420. नियम लागू झाला, अक्षरं बारीक झाली, चौकट आकसून 350 वर आली. म्हणजे नियम लागू नाही! अक्षरं पुन्हा मोठी, रुंदी पुन्हा 420. हे चक्र कधीच थांबणार नाही. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी ब्राउझरच्या हाती जेमतेम 16.7 मिलिसेकंद असतात. ज्याला उत्तरच नाही असं गणित त्यात बसणार कसं?

तोडगा निघाला कंटेनमेंटमधून. ही सोय मुळात पानाचा वेग वाढवण्यासाठी आलेली. तिच्यात चौकट आधीच सांगून टाकते, की माझं माप काढताना आतल्या मजकुराकडे बघू नका, मी रिकामी आहे असं धरा. मग रुंदी फक्त वरून येते, मजकुराने काहीही केलं तरी बदलत नाही आणि चक्र पहिल्याच फेरीत तुटतं. ब्राउझर अभियंते डेव्हिड बॅरन यांनी या दिशेचा आराखडा सुचवला, वेब डेव्हलपर मिरियम सुझान यांनी तो पुढे नेला. अशी चौकट म्हणजे कंटेनर आणि तिच्या रुंदीवर घातलेली अट म्हणजे कंटेनर क्वेरी. ऑगस्ट 2022 मध्ये क्रोम, सप्टेंबरमध्ये सफारी आणि फेब्रुवारी 2023 मध्ये फायरफॉक्स अशा क्रमाने कंटेनर क्वेरी सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये पोचल्या.

लगेच ‘मीडिया क्वेरी संपल्या’ अशी आरोळी उठली. वेब डिझाइनमध्ये दर वर्षी काहीतरी संपतंच, त्यात नवल नाही. कागदावर छापताना, डार्क मोडमध्ये किंवा हलती चित्रं सोसत नाहीत अशा वाचकासाठी पान बदलायचं, तर आजही मीडिया क्वेरीच लागते.

कंटेनमेंटची किंमतही मोजावी लागते. कंटेनर क्वेरीने कंटेनरच्या आतल्या गोष्टींचं रूप बदलता येतं, पण कंटेनर स्वतःच्याच रुंदीवरून स्वतःला बदलू शकत नाही. म्हणून कार्डाभोवती बहुधा एक जादा डिव्ह, म्हणजे एक साधी बाहेरची चौकट, गुंडाळावा लागतो. आणि मजकुरावरून रुंदी ठरणाऱ्या चौकटीला, म्हणजे इनलाइन-ब्लॉकला, कंटेनर केलं, तर तो शून्य रुंदीचा होऊन बसतो. नवखे याला ब्राउझरचा बग समजतात. ‘रिकामी धरा’ असं आपणच सांगितलेलं असतं!

उंचीबद्दल विचारायचं असेल तर कोडमध्ये ‘कंटेनर-टाइप: साइझ’ लिहावं लागतं. पण मग उंचीही रिकाम्या चौकटीची धरली जाते आणि ती बाहेरून ठरवून दिली नसेल तर मजकूर चौकटीबाहेर सांडतो. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ‘इनलाइन-साइझ’ म्हणजे फक्त रुंदीच विचारली जाते आणि उंची पूर्वीसारखीच मजकुरावर सोडली जाते.