भिंत पडली त्या दिवशी जर्मनी एक झाला नव्हता

‘१९८९ : बर्लिनची भिंत पाडून जर्मनीचे एकीकरण.’ स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये हे वाक्य दिसलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. दोन घटना एका ओळीत कोंबल्या आणि मधले जवळजवळ अकरा महिने गिळून टाकले!

भिंतीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे नेते ग्युंटर शाबोव्स्की, पश्चिमेला जायची नवी मुभा कधीपासून या प्रश्नावर, हातातला कागद चाळत ‘लगेच, ताबडतोब’ असं बोलून गेले आणि रात्री बर्लिनमधल्या बोर्नहोल्मर रस्त्यावरचा सीमेचा नाका गर्दीपुढे उघडावा लागला. उघडली ती सीमा. दुसऱ्या दिवशीही पूर्व जर्मनी जागच्या जागी होता : स्वतःचं सरकार, स्वतःचं सैन्य, स्वतःचं चलन (मार्क), संयुक्त राष्ट्रांत स्वतःची जागा.

पूर्व जर्मनीत सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या अनेकांना विलीनीकरण नकोच होतं. आपलाच देश सुधारायचा होता. ‘जनता आम्ही आहोत’ ही त्यांची घोषणा. मग तिच्यातला एक शब्द बदलला आणि ‘आम्ही एक जनता आहोत’ ऐकू येऊ लागलं. निकाल लागला १८ मार्च १९९० ला. पूर्व जर्मनीच्या संसदेची ती पहिली आणि शेवटची खुली निवडणूक. ९३ टक्के मतदान झालं आणि झटपट विलीनीकरण मागणाऱ्या आघाडीला ४८ टक्के मतं पडली. एकच तारीख लक्षात ठेवायची असेल, तर माझ्या मते हीच ठेवावी. भिंतीने वाट मोकळी केली. कुठे जायचं ते लोकांनी मतपेटीतून ठरवलं.

१ जुलैला पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क आला. बचतीवर मोठ्या माणसाला ४,०००, साठीपुढच्याला ६,००० आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला २,००० मार्कांपर्यंत एकास एक दर; त्यावरच्या रकमेला दोनास एक. म्हणजे आईवडील आणि दोन लहान मुलांच्या घरात १२,००० मार्क पूर्ण भावाने बदलून मिळत.

२३ ऑगस्टच्या पहाटे पूर्व जर्मनीच्या संसदेने २९४ विरुद्ध ६२ मतांनी विलीनीकरण मंजूर केलं, तेही पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेतल्या कलम २३ खाली, म्हणजे आहे त्याच देशात इतर जर्मन भागांना सामील होऊ देणाऱ्या कलमाखाली. त्यामुळे ‘दोन देशांचा मिळून नवा देश झाला’ हेही चूक. ३ ऑक्टोबरला विलीनीकरण झालं, तेव्हा नाव, घटना, चलन सगळं पश्चिमेचंच राहिलं. पूर्व जर्मनी संपला.

(१८७१ ला जर्मन राज्यांचा मिळून एक देश झाला ते एकीकरण, १९९० चं पुनरेकीकरण. एवढं पुरे.)

१९९० चा फुटबॉल विश्वचषकही ‘एकत्र जर्मनी’च्या नावावर टाकू नका. ८ जुलैला रोममध्ये जिंकला तो पश्चिम जर्मनी. पूर्व जर्मनीचा संघ तेव्हा वेगळाच होता. तो शेवटचा सामना १२ सप्टेंबरला ब्रसेल्समध्ये खेळला आणि बेल्जियमला २-० ने हरवलं. दोन्ही गोल माथियास झामरचे. त्याच दिवशी मॉस्कोत दोन जर्मनी आणि दुसऱ्या महायुद्धातल्या चार विजेत्या राष्ट्रांनी पुनरेकीकरणाची वाट मोकळी करणाऱ्या करारावर सह्या केल्या.