विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी : परदेशातील स्कूबा सहलीचे ठिकाण कसे ठरवावे?

तारकर्लीला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला एकदा स्कूबा करून, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाऊन आलेले आमचे ग्राहक पुढच्या सहलीसाठी मालदीव, बाली, थायलंड किंवा इजिप्तचे नाव घेऊन येतात, याचा आम्हाला मनापासून आनंद होतो. अडचण एवढीच, की त्यांतील बरेच जण स्वस्तात मिळाली म्हणून विमानाची तिकिटे आधी काढतात आणि डाइव्हिंगची चौकशी नंतर करतात. अशी तिकिटे बहुधा बदलता येत नाहीत आणि मग ठिकाण कितीही सुंदर असले तरी सहलीचे गणित जमत नाही.

सर्वाधिक नुकसान होते ते परतीच्या तिकिटामुळे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो, पण त्याआधीच विमानात बसले, तर केबिनमधला दाब महाबळेश्वरपेक्षाही उंच डोंगरावर असावा इतका कमी झालेला असतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलताच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते शरीरात तयार होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून साध्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असे मानले जाते. आम्ही पूर्ण २४ तास ठेवतो, कारण बोट उशिरा सुटते, तिसरी डाइव्ह संध्याकाळवर जाते आणि कागदावरचे अठरा तास प्रत्यक्षात चौदा होतात. मुक्काम वाढवण्यासाठी आम्ही हे सांगतो, असा काहींचा समज आहे. त्यांना आम्ही हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो. गेल्या दिवाळीत मालदीवला गेलेल्या एका कुटुंबाचे परतीचे विमान पहाटे पाचचे होते. त्यांच्या हाती मोजून दोन दिवस होते आणि त्यांतला दुसरा किनाऱ्यावर बसून गेला. हाच विचार घाटालाही लागू होतो : मालवणला खोलवर दोन-तीन डाइव्ह करून त्याच दिवशी सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठू नये. अशा ग्राहकांना आम्ही एक रात्र मालवणातच थांबवतो.

दुसरा प्रश्न हंगामाचा. आपल्याकडे सहली मुलांच्या सुट्टीनुसार ठरतात, पण समुद्राचे वेळापत्रक निराळे असते. थायलंडमधील सिमिलन बेटे साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तर बालीत मे महिना कोरडा आणि चांगला असतो. मालदीवमधील हनिफारू उपसागरात मांटा (पंखांसारखे पर पसरून पोहणारे मोठे चपटे मासे) पाहायचे असतील तर पावसाळ्यातच जावे लागते. मात्र तिथे स्कूबाला बंदी असून केवळ स्नॉर्कल, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर पोहणे, करता येते, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते.

तिसरा प्रश्न तुमच्या प्रमाणपत्राचा. इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेली अनुभव-डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रावर १८ मीटर आणि ॲडव्हान्स्ड या पुढच्या पायरीवर ३० मीटरपर्यंत जाता येते. लाल समुद्रात १९४१ मध्ये बुडालेले थिसलगॉर्म हे जहाज सुमारे ३० मीटरवर आहे, त्यामुळे नव्या डायव्हरसाठी आम्ही ते सुचवत नाही. त्याऐवजी बालीतील तुलांबेन सुचवतो. तेथील लिबर्टी या जहाजावर १९४२ मध्ये टॉर्पेडोचा मारा झाला, ते किनाऱ्याला लावले गेले आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने पाण्यात सरकले. आज ते किनाऱ्यावरून चालत जाऊन पाहता येते आणि त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटर खोलीवर आहे. पहिल्या परदेशी सहलीसाठी इतके सोपे आणि समाधान देणारे ठिकाण आम्हाला दुसरे सुचत नाही.

प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमातील वाचन आणि तलावातील सराव आम्ही कोल्हापुरातच पूर्ण करून घेतो, म्हणजे परदेशातले महागडे दिवस केवळ समुद्रासाठी उरतात. याचे आणखी एक कारण आहे. पंचगंगेत सूर मारत पोहायला शिकलेल्यांना पाण्याखाली श्वास रोखण्याची सवय असते आणि स्कूबात नेमके तेच करायचे नसते, कारण श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. ही सवय मोडायला तलावात किमान दोन सकाळी लागतात.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी सुट्टीच्या तारखा, प्रमाणपत्र आणि लॉगबुक (केलेल्या डाइव्हची नोंदवही) घेऊन कार्यालयात यावे. दमा, हृदयविकार किंवा कानाची तक्रार असल्यास डॉक्टरांचे पत्रही सोबत आणावे. या सल्ल्याचे आम्ही शुल्क घेत नाही आणि पुढची नोंदणी आमच्याकडेच करावी, अशी अटही घालत नाही.