तणनाशक खाणारी माती

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबागच्या ऊसपट्ट्यात उसाची लागण झाली की दोन-चार दिवसांत ओल्या सरीवर ॲट्राझिन मारतात. वर्षानुवर्षे हेच तणनाशक पडलेल्या रानात ते पूर्वीसारखे टिकत नाही, अशी तक्रार कानावर येते. राग निघतो दुकानदारावर. कधी तण सरावलेले असते, तर कधी मातीतल्या जिवाणूंनीच औषध खाल्लेले असते.

ॲट्राझिन कारखान्यात जन्मले, 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. ते पूर्णपणे मोडणारा, आज सर्वांत जास्त अभ्यासलेला जिवाणू मिनेसोटात तणनाशक सांडलेल्या जागी मिळाला. त्याची माहिती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. नाव स्यूडोमोनास एडीपी. त्याच्याकडे सहा जनुके आहेत, ॲट्झ-ए ते ॲट्झ-एफ. पहिल्याचे विकर (एन्झाइम) रेणूतला क्लोरीन काढून टाकते आणि तिथेच औषधाची तण मारण्याची ताकद संपते. पुढची दोन बाजूच्या साखळ्या तोडतात, उरलेली तीन मधले कडे फोडतात. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. एका रेणूत नायट्रोजनचे पाच अणू असतात आणि जिवाणूला हवे असतात तेच.

मला सर्वांत थक्क करते ते ॲट्झ-ए. त्याचे विकर म्हणजे सुमारे पावणेपाचशे अमिनो आम्लांची साखळी. मेलामाइन हे रसायन मोडणाऱ्या दुसऱ्या एका विकराशी ती ताडून पाहिली, तर फरक फक्त 9 ठिकाणी! तेवढ्या बदलावर एक मेलामाइनचा अमिनो गट काढते आणि दुसरे ॲट्राझिनचा क्लोरीन.

ही जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर असतात. हे कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. पहिली तीन जनुके जवळजवळ जशीच्या तशी वेगवेगळ्या खंडांतल्या जिवाणूंत सापडली आहेत.

पण म्हणून फवारा वाढवायला मोकळीक मिळत नाही. ॲट्राझिनच्या रेणूचे कडे फोडणारी तीन जनुके नायट्रोजनची टंचाई असताना जोमाने चालतात. युरियाने भरलेल्या उसात ती मंदावतात. ॲट्राझिनमधून कार्बन फारसा मिळत नाही, तो सेंद्रिय पदार्थांतून यावा लागतो. खोडव्याचे पाचट पेटवलेले पाहिले की म्हणूनच जीव तुटतो. आणि औषध मुळांच्या खाली झिरपले, तर तिथे जिवाणूही थोडे आणि त्यांचे खाद्यही थोडे. भूजलात ते सापडत राहिल्याने युरोपीय संघाने 2004 मध्ये त्याची मान्यता काढली. आपल्याकडे बोअरचे पाणी तपासायला देताना क्षार आणि नायट्रेटबरोबर ॲट्राझिनचीही तपासणी मागा.