आरबी प्रथिन

पेशीचे विभाजन वेळेआधी होऊ न देणारे मानवी प्रथिन. नाव पडले ते रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगावरून. फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते आणि घरच्यांना पहिली शंका येते. प्रथिन मात्र शरीरातील बहुतेक पेशींत असते. नाव तसे फसवेच.

हे ९२८ ॲमिनो अम्लांचे असून त्याचे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच हा रोग होतो, असे अनुमान आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ४८ रुग्णांच्या नोंदींवरून काढले. जनुक हाती लागले ते १९८६ मध्ये.

आरबी ई२एफ या प्रतिलेखन घटकांना, म्हणजे जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांना, धरून ठेवते. त्यामुळे डीएनएची प्रत काढण्यास लागणारी जनुके गप्प राहतात. फॉस्फेट जडले की पकड सुटते. ती कशी सुटते, यावर मतभेद आहेत. रूढ मांडणीनुसार सायक्लिन डी व सीडीके४/६ (सीडीके म्हणजे फॉस्फेट जोडणारी विकरे, सायक्लिन म्हणजे त्यांना चालू करणारी प्रथिने) फॉस्फेट चढवू लागतात आणि सायक्लिन ई व सीडीके२ ते काम पुरे करतात. २०१४ च्या प्रयोगांत मात्र जी१ अवस्थेच्या, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याआधीच्या टप्प्याच्या, आरंभी प्रत्येक रेणूवर एकच फॉस्फेट आढळला, तोही १४ जागांपैकी कोणत्याही एकीवर, आणि असे आरबी कार्यक्षमच होते. पूर्ण फॉस्फोरिलीकरण, म्हणजे बाकीचे फॉस्फेट जडणे, पुढे एकदम झाले. तिसऱ्या मतानुसार पेशी वाढते तसे आरबी विरळ होते आणि विभाजनाची वाट मोकळी होते. तरीही सीडीके४/६ रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिबसारख्या कर्करोगावरील औषधांना आरबी शाबूत असावे लागते, हे पाहता रूढ मांडणीचा गाभा टाकून देण्याजोगा वाटत नाही.

मुंबईत या प्रथिनाशी गाठ गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही पडते. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचे ई७ प्रथिन आरबीला चिकटून त्याचा नाश घडवते. जनुक धड, प्रथिन गायब. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणीच्या गटात आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक अम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच अम्ल, लावून पांढरे पडणारे चट्टे पाहत. या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. संशयित जागेचा तुकडा पॅथॉलॉजीकडे गेला, तर आरबी हरवल्याची खूण आडवाटेने दिसते : आरबी नसल्याने पी१६ हे प्रथिन साचत जाते आणि पी१६ दाखवणारी रंगचाचणी केली की काचपट्टीवर त्या पेशींचा सलग पट्टा तपकिरी रंगतो.