खोडाला धक्का लागला नाही म्हणजे झाड सुरक्षित?

शेजारी बांधकाम सुरू झालं की हमखास ऐकू येतं: "झाडाची मुळं सरळ खाली खोल जातात, खोडाला धक्का लागला नाही तर झाडाला काही होत नाही."

समज स्वाभाविक आहे, कारण मुळं दिसत नाहीत. पण मोठ्या झाडाचं सोटमूळ बहुधा मागे पडतं आणि बहुतेक मुळं वरच्या 45 ते 60 सेंटिमीटर मातीतच आडवी पसरतात, बऱ्याचदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. मुळांना हवा लागते आणि ती वरच्या थरातच जास्त असते. म्हणून पाइपसाठी खणलेला उथळ चरही बरीच मुळं तोडतो. ट्रक फिरले, विटा रचल्या की माती दबते, हवा-पाणी आत जात नाही. (खोडाभोवती भरावाची माती टाकणंही तितकंच वाईट, जरी ते काळजीसारखं दिसत असलं तरी.) साठवलेल्या अन्नावर झाड काही वर्षं तग धरतं. मग शेंडे वाळतात आणि दोष रोगावर जातो.

पडताळायचं असेल तर फांद्यांच्या टोकांखालची माती हाताने हलकेच उकरा. बारीक मुळं बहुधा वीतभर खोलीच्या आतच दिसतील. दबलेल्या ओल्या मातीत स्क्रूड्रायव्हर सहज शिरत नाही.

किती जागा राखायची? छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, 3.14 ने भागा, 12 ने गुणा. घेर 157 सेंटिमीटर असेल तर सुमारे 6 मीटर त्रिज्या. काम सुरू होण्याआधीच तिथे पक्कं कुंपण हवं. खोडाला गुंडाळलेलं गोणपाट मुळांच्या काही कामाचं नाही.