पालीच्या पायाला डिंक नसतो

‘पालीच्या बोटांतून विषारी चिकट रस पाझरतो, म्हणून ती छताला चिकटते’ हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. मुळात तिच्या बोटांत असा रस सोडणाऱ्या ग्रंथीच नाहीत.

पाहायचंच असेल तर रात्री बाल्कांवातला (घरापुढच्या ओसरीतला) दिवा लावा. पाखरं टिपायला पाल खिडकीच्या काचेवर आली की आतून बॅटरी मारा. बोटाखाली आडव्या पापुद्र्यांच्या दोन रांगा दिसतील. पापुद्र्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, एकेकाला शेकडो फाटे. ही टोकं काचेला इतकी भिडतात की रेणूंमधलं क्षीण आकर्षणही तिचं वजन पेलतं. पाऊल उचलताना ती बोट टोकाकडून वर मुडपते, चिकटपट्टी सोलावी तसं. मागे काचेवर डाग राहत नाही. आषाढात पाणी निथळणाऱ्या काचेवर मात्र ती घसरते, कारण मध्ये पाण्याचा थर येतो.

पाल विषारीही नाही. विष्ठेत जंतू असू शकतात, तेव्हा हुमणाचं (माशाच्या आमटीचं) भांडं झाकलेलं बरं.